आठ बाटल्या, एक रंग

जानेवारीची बाटली ऑगस्टच्या बाटलीइतकीच तपकिरी होती. जयवंतीने आठही बाटल्या पांढऱ्या कागदासमोर ओळीने मांडल्या, खिडकीचा पडदा पूर्ण सरकवला आणि पुन्हा पाहिलं. कोऱ्या चहाचा रंग. पहिलीपासून आठवीपर्यंत तोच.

समुद्राच्या पाण्यातले सूक्ष्म जीव टिकावेत म्हणून बाटलीत आयोडीन घालतात. साध्या काचेत ते महिन्यागणिक फिकं पडत जातं. जानेवारीची बाटली एव्हाना पेंढ्याच्या रंगावर यायला हवी होती.

"काय मॅडम, चहाचं दुकान मांडलंत?"

मुस्तफा बर्फाची पेटी घेऊन दारात उभा होता. हर्णैचा माणूस. दर बुधवारी पहाटे तो ओमानच्या सूर बंदरातून समुद्रात बोट नेऊन नमुने भरायचा आणि दुपारच्या आत मस्कतच्या या प्रयोगशाळेत पोचवायचा.

"शेजारच्या देशाचा चहा आहे," जयवंती म्हणाली. "लेबलं आठ महिन्यांची. पाणी एका दिवसाचं."

"म्हणजे?"

"एकदाच बादली भरली आणि आठ बाटल्यांत ओतली. तीन दिवस मोजतेय मी. थंडीत दिसणारे जीव ऑगस्टमध्येही आहेत, आणि तितकेच आहेत."

मुस्तफाने पेटी खाली ठेवली. "आणि बाकीचे दोन देश?"

"त्यांनी बाटल्याच पाठवल्या नाहीत. त्या मानाने प्रामाणिक."

तो हसला, पण लगेच थांबला. "आज करारावर सही झाली की माझी बोट खलास ना?"

"हो. करारात तसंच आहे. सगळ्या किनाऱ्यावर पहारा एकच, त्यांच्या जहाजांचा. लाल पाणी दिसलं की त्यांनी कळवायचं, आपण ऐकायचं."

"जहाजं कुठायत?"

"येणार आहेत. सात वर्षं येतायत."

"इन्शाल्ला," मुस्तफा म्हणाला आणि पेटीचं झाकण उघडू लागला.

दोन वर्षांपूर्वी लाल पाणी, मासे मारणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचं, न सांगता सूरला आलं होतं. मुस्तफाचा अर्बाब, म्हणजे मालक, खल्फान याने समुद्रात जाळ्यांचे पिंजरे टाकून मासे वाढवले होते. ते एका सकाळी पोट वर करून तरंगले. शेजाऱ्यांकडे ते पाणी तीन आठवडे आधीपासून होतं. त्या महिन्याचा त्यांचा नमुना स्वच्छ असल्याच्या प्रमाणपत्रावर मात्र सही जयवंतीची होती. बाटलीचा रंग तिने तेव्हा पाहिला नव्हता. तिने फोन केला, तर त्यांचे प्रतिनिधी डॉक्टर मिशाल म्हणाले, "निसर्गापुढे कोण काय करणार?" हे वाक्य तिने वहीत तारीख आणि वेळ घालून लिहून ठेवलं होतं.

बाटल्या कापडी पिशवीत भरून ती करार व्हायचा होता त्या हॉटेलवर पोचली. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर हमूद सभागृहाबाहेरच भेटले. ओमानच्या वतीने सही त्यांनीच करायची होती. तिने त्यांना सगळं सांगितलं.

"दर वर्षी मी म्हणतो, पुढच्या वर्षी बोलू," ते शेवटी म्हणाले. "डॉक्टर, आपलं घर लहान आहे. शेजारी बदलता येत नाहीत. आजचं प्रमाणपत्र द्या. पुढचं पुढे."

जयवंतीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आत काच काचेवर वाजली.

सभागृहात कहवा, म्हणजे अरबी कॉफी, फिरत होता. मस्कतला आल्या वर्षी तिने अशाच एका बैठकीत नऊ कप कहवा प्यायला होता, कारण वाढणारा थांबतच नव्हता. "पुरे झालं की रिकामा कप हलवायचा," हमूदनी तेव्हा हसू दाबत सांगितलं होतं. "नाही तर तो भरतच राहतो." त्यावरून ते तिला अजून चिडवत.

मिशाल बोलत होते. हा सगळा प्रदेश सुधारायचा तर आधी एकमेकांवर विश्वास हवा, असं त्यांनी तीनदा सांगितलं. मग ते जयवंतीकडे वळले.

"आता फक्त आमच्या डॉक्टरबाईंचं प्रमाणपत्र. आमच्या बाटल्या वेळेवर पोचल्या ना?"

"पोचल्या."

ती उठली. मिशाल यांच्यासमोर, खिडकीतून येणाऱ्या उन्हात तिने एकेक बाटली ठेवली. लेबलं स्वतःकडे.

"यातली जानेवारीची कोणती?"

"हा काय खेळ?"

"रंगावरून ओळखायची. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जमतं."

कुणीतरी हसलं. मिशालही हसले आणि त्यांनी तिसरी बाटली उचलली. जयवंतीने त्यांच्याच हातात ती वळवली. जून.

"अजून एकदा बघा," ती म्हणाली. "मला घाई नाही."

त्यांनी दुसरी उचलली नाही. नजर एका बाटलीवरून दुसरीवर गेली, परत आली. जयवंती उभी राहिली. हे मिनिट तिला कमी करायचं नव्हतं.

"खालच्या लोकांची चूक असेल," मिशाल म्हणाले. "चौकशी करू."

"निसर्गापुढे कोण काय करणार?"

"म्हणजे?"

"तुमचंच वाक्य आहे. अठ्ठावीस ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. त्या दिवशी सूरच्या किनाऱ्यावर फावड्याने मासे उचलत होते."

कराराची प्रत हमूदांसमोर उघडी होती. यजमानाने आधी सही करायची म्हणून पेनचं टोपणही काढलेलं होतं. ते बाटल्यांकडे पाहत होते. मग त्यांनी जयवंतीकडे पाहिलं. ती खाली बसली नव्हती.

वाढणारा किटली घेऊन हमूदांपाशी आला आणि वाकला. हमूदनी पेनला टोपण लावलं. रिकामा कप उचलून दोनदा हलवला. वाढणारा मागे सरला.

"ओमान सही करणार नाही," हमूद म्हणाले. "सूरची बोट पुढच्या बुधवारी निघेल."