दळणाचा वेळ

बहात्तरच्या दुष्काळात नगरच्या एका संस्थेनं आमच्या गावाला दळणाची गिरणी दिली. जामखेडच्या वाटेवरचं आमचं गाव. ज्वारी उभ्या उभ्या करपली होती, दळायला उरला होता तो रेशनचा लाल मिलो, अमेरिकेतून आलेली कडक ज्वारी. भिमाजीला गिरणीवर नेमलं, तर तो ती सासऱ्यानं दिल्यासारखा पट्ट्यापाशी बसायला लागला. इंजिनाच्या धुराड्यावर त्यानं पत्र्याचा डबा उपडा घातला होता. त्याची टुकटुक पार दुष्काळी खडीच्या कामावर ऐकू यायची. बाया म्हणायच्या, भिमाजी उठला.

माझी सून चांगुणा तेव्हा सहाव्या महिन्यात होती. आधीची दोन पोटं पडलेली, दोन्ही वेळा जात्यापाशीच. सुईण बनुबाईनं मला बजावलं होतं, "रतनबाई, या खेपेला तिला जात्याला बसवू नको. बसवलीस तर मला बोलवायलाबी येऊ नको." माझा उजवा खांदा तीन वर्षांपासून वर जात नव्हता. लेक गोरक्ष भिंगारला हमालीला गेलेला, चांगुणाची खडीवरची मजुरी सोडता येत नव्हती. म्हणजे आमच्या घरात दळणार ती गिरणीच.

माघात संस्थेचे जॉर्जसाहेब आले. भिंगारचेच, मऊ बोलणारे, शर्टाला दोन पेनं. गिरणी गावाला परवडते का नाही, ते त्यांना ठरवायचं होतं. गिरणीपुढच्या लिंबाखाली आम्हाला बसवलं. पुढं सासवा, मागं पदर ओढून सुना.

"गिरणी नव्हती, तेव्हा घरचं दळण करायला किती वेळ लागायचा?" त्यांनी विचारलं.

आमच्या शेजारची झुंबरबाई कुणाला आधी बोलू देते थोडीच. "येळ कसला, सायेब? चूल पेटायच्या आत पायली दळून उठायची मी. माझी सूनबी तशीच." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "काही घरांत न्हाई जमत. अंगात कस लागतो."

दोन पोटं पडल्यावर हिनंच पाणवठ्यावर सांगितलं होतं, रतनबाईची सून हलक्या हाडाची म्हणून. मला ते झोंबलं.

"आमच्यात तर कळतच न्हाई दळण कवा सरतंय," मी म्हणाले. "चांगुणा दोन ओव्या म्हनंस्तवर सूप भरती."

"दोन ओव्या म्हणजे किती मिनिटं धरू, मावशी?"

"धरू नका. त्यात धरायसारखं काय न्हाई."

बाया हसल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग एकेक सासू बोलत गेली आणि प्रत्येकीचं दळण आधीच्यापेक्षा लवकर होत गेलं. जॉर्जसाहेबांनी पेन थांबवलं. "मावशी, या वेळेवरच सगळं आहे. तेल किती जळतं आणि बायांचा वेळ किती वाचतो, वरचे लोक एवढंच बघतात." ते मागं वळले, चांगुणाला म्हणाले, "बाई, तुम्हीच दळायचात ना? तुम्ही सांगा."

चांगुणानं माझ्याकडं पाहिलं. साहेब काय म्हणाले ते मला चांगलं समजलं होतं. मी नुसती मान हलवली असती, तरी ती बोलली असती. पण झुंबरबाई बघत होती. मी मान ताठ ठेवली.

"आत्याबाई म्हनत्यात तसंच," चांगुणा म्हणाली.

तीन आठवड्यांनी ट्रक आला. गिरणी कालव्याच्या बाजूच्या गावाला चालली होती. तिथं धान्य भरपूर, त्यामुळं दळण भरपूर, त्यामुळं गिरणी परवडते. आमच्यात धान्य थोडं आणि वेळ तर काही लागतच नव्हता. ट्रकच्या पुढं जॉर्जसाहेब बसले होते. मी दार धरलं.

"सायेब, मी खोटं बोलले. पायलीला दोन तास लागत्यात. मिलोला वरच."

त्यांनी मान खाली घातली. "अठरा घरं विचारली, मावशी. अठराही घरांत वेळ लागत नाही. मला खरं वाटलं नव्हतं, म्हणून तर मी तुमच्या सुनेला विचारलं."

"मग आता लिवा."

"कागद मुंबईला गेला."

भिमाजीनं धुराड्यावरचा डबा तेवढा काढून घेतला. तो गावाचा होता.

मग मी डाव्या हातानं दळायला लागले. चार दिवस दळलं. पीठ कसलं, भरडाच तो. भाकरी थापली की काठ फाटायचे. पाचव्या दिवशी पहाटे चांगुणा समोर येऊन बसली आणि तिनं खुंट्याला हात घातला.

"सरका, आत्याबाई."

"न्हाई. बनुबाईनं काय सांगितलंय?"

"तुमच्या भरड्यावर मला खडी फोडता येत न्हाई. खायचं काय?"

मी सरकले. निम्म्यात मी हात लावीन असं ठरलं होतं, पण माझा हात लागला की जातं अडायचं, म्हणून ती मला उठवायची. ओवी ती एकही म्हणत नव्हती. दम पुरत नसावा. बारा दिवस तिनं दळलं.

तेराव्या दिवशी पहाटेच तिला कळा आल्या, सुपात निम्मा मिलो तसाच राहिला. बनुबाई बोलावल्यावर आली, पदर खोचून सरळ आत गेली. मुलगी होती. श्वास घेतला तिनं, सूर्य वर येईपर्यंत घेत होती. बनुबाईनं मग तिला माझ्याच ओटीत ठेवलं, कारण चांगुणाला शुद्ध नव्हती.

त्या दिवशी आमच्याकडं चूल पेटवायची नव्हती. दुपारी झुंबरबाई फडक्यात भाकरी बांधून घेऊन आली. उंबऱ्याशीच बसली. तिच्या तळहाताला फोड आला होता, तो ती पदरात लपवत होती.

"तूच दळलंस?" मी विचारलं.

"सुनंला बरं न्हाई."

"किती वेळ लागला?"

तिनं खाली बघितलं. "दोन तास," ती म्हणाली. "वरच थोडं."

भिंतीकडं तोंड करून पडलेल्या चांगुणानं ते ऐकलं असावं. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. मी भाकरी मोडायला गेले. मिलोची भाकरी, हातातच तिचा भुगा झाला. तो ताटलीत गोळा करून मी चांगुणाच्या उशाशी ठेवला.