कंसातला खोकला

मालिका शुक्रवारी आली आणि रविवारी दुपारपर्यंत खुनी कोण हे झाडून सगळ्यांना कळलं. त्यासाठी कुणाला आठ भाग बघायची गरजच पडली नाही. पहिल्या भागाच्या एकतिसाव्या मिनिटाला गोदामातले दिवे जातात, पडदा काळाकुट्ट होतो, मालक ओरडतो आणि त्या अंधारात कुणीतरी खोकतं. बस्स, एवढंच. ज्यांनी सबटायटल बंद ठेवली होती, त्यांनी पुढचे सात भाग मुनीम, पुतण्या, ड्रायव्हर, दुसरी बायको असा एकेकावर संशय घेत मजेत काढले. ज्यांनी सुरू ठेवली होती, त्यांना त्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत वाचायला मिळालं: (डॉक्टर खोकतात).

म्हणजे त्या घरातला प्रेमळ, सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवणारा फॅमिली डॉक्टर. आठव्या भागाच्या शेवटी तोच खुनी निघतो. एका समीक्षकाने लिहिलं की मालिका उत्तम आहे, फक्त ती वाचू नका. त्या एका वाक्यावर लोक असे फिदा झाले की त्याने पुढे काय लिहिलंय हे कुणी पाहिलंच नाही. मग चित्रं आली, विनोद आले, डॉक्टरच्या फोटोखाली खोकल्याच्या औषधाच्या जाहिराती आल्या. ज्यांनी जन्मात कधी सबटायटल लावली नव्हती, ते मुद्दाम लावून एकतिसावं मिनिट बघू लागले.

हे दोन शब्द जिने लिहिले, ती त्या वेळी घरी वडिलांच्या, अप्पांच्या चष्म्याचा स्क्रू बसवत होती. फोनवर फोन येत होते. शेवटी तिने उचलला. पलीकडून ऑफिसच्या मॅडम म्हणाल्या, "बघितलंस का?"

तिने बघितलं होतं. सकाळपासून दुसरं काही बघितलंच नव्हतं.

ऑफिसात तिला सगळे कंसवाली म्हणत. पात्रं काय बोलतात ते कुणीही लिहील, पण ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी कंसात आवाज लिहायचे, हे तिचं काम. दार आपटलं की लोटलं, पावलं एकाची की दोघांची, बाई रडतेय की हुंदका गिळतेय, यावर ती अर्धा अर्धा तास घालवी. बाकीचे हसायचे. हसू देत. तिच्या घरात अप्पा होते. तीस वर्षं छापखान्यात यंत्रापाशी उभं राहून त्यांनी कान कायमचे गमावले होते. कानातलं मशीन त्यांनी दोन महिने लावलं आणि मग कपाटात टाकलं. त्यात सगळ्याचाच गोंगाट होतो आणि माणसाचा आवाज तेवढा हरवतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कंसात काही लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे एकच प्रेक्षक असे, आणि तो खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढून बसलेला असे.

चूक झाली कशी, हे तिला लगेच कळलं होतं. आठवा भाग सगळ्यात आधी तयार होऊन तिच्याकडे आला होता, पहिला सगळ्यात शेवटी. एडिटवाल्यांचं तसंच असतं, ज्याचं काम उरकेल तो पुढे. आठव्या भागात डॉक्टर कबुली देताना खोकतो, चांगला नऊ वेळा. तीन दिवस तिच्या कानात तोच खोकला होता. महिन्याभराने पहिला भाग आला, अंधारात कुणीतरी खोकलं, आणि तिच्या हाताने आपोआप नाव लिहिलं. आवाज ओळखीचा असेल तर नाव द्यायचं, हा नियमच आहे. पुढे तपासनीस होता. ओळ लांब तर होत नाही ना, वेळेवर येते ना, एवढंच तो बघतो. ओळ लांब नव्हती आणि अगदी वेळेवर आली होती.

घरी मात्र या चुकीने नाचक्की करायची सोडून भलतंच केलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे मिळून पहिला भाग बघायला बसले होते. आई, दादा, वहिनी, ती आणि अगदी पुढे अप्पा. एकतिसावं मिनिट आलं तेव्हा नेमकी ती स्वयंपाकघरात होती. ओळी वाचायची सवय फक्त अप्पांना, पडदा काळा झाला तेव्हा बाकीचे एकमेकांकडे बघत होते. भाग संपल्यावर अप्पांनी जाहीर केलं, "डॉक्टर आहे."

"अप्पा, काहीतरीच काय! डॉक्टर देवमाणूस आहे," दादा तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करत म्हणाला. अप्पांशी सगळे तसंच बोलत.

"बघशील."

शनिवारी रात्रीच्या जेवणाआधी आठवा भाग संपला. डॉक्टरच्या हातात बेड्या पडल्या आणि दादाचा चेहरा उतरला. "तुम्हाला कसं कळलं हो?"

अप्पांना प्रश्नच समजेना. "अरे, तो अंधारात खोकला की! तुम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही?"

आई हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या घरात गेली नऊ वर्षं कोण काय म्हणालं हे अप्पा विचारत आणि बाकीचे सांगत. त्या दिवशी वहिनीने विचारलं, "आणि अप्पा, तो ड्रायव्हर मध्येच पळाला तो का?" अप्पांनी सावरून बसत समजावून सांगितलं. रविवारी बोंबाबोंब झाली तेव्हा दादानेच सगळ्यांना दम भरला, अप्पांना यातलं अवाक्षर कळता कामा नये. तिला तर तसंही सांगवलं नसतं.

सोमवारी मीटिंग होती. दिग्दर्शक आला तो तणतणतच.

"चार वर्षं घातली मी या कथेत. चार! घरच्यांना शेवट सांगितला नाही. बायकोला सांगितला नाही. आणि ह्या बाई एकतिसाव्या मिनिटाला पाटी लावून मोकळ्या!"

कंसवाली ऐकून घ्यायच्या तयारीने आली होती, पण तिचा स्वभाव तिला गप्प बसू देईना. "खोकला त्याचाच आहे. ज्याला कान आहेत त्याला ओळखू येतो. जे ऐकणाऱ्याला मिळतं ते वाचणाऱ्याला मिळायला हवं, एवढंच मी केलंय."

"असं? मग डोळे मिटा सगळ्यांनी," दिग्दर्शक म्हणाला. त्याने लॅपटॉपवर तीन खोकले वाजवले. मुनिमाचा, डॉक्टरचा, ड्रायव्हरचा. खोलीत सहा माणसं होती आणि सगळ्यांनी मालिका बघितलेली होती. एकाने ड्रायव्हरला डॉक्टर ठरवलं, दोघांनी मुनिमाला, तपासनीस म्हणाला की तिन्ही एकाच माणसाचे आहेत.

"दुसरा," ती म्हणाली. तिला क्षणाचाही विचार करावा लागला नाही.

आणि म्हणता म्हणताच तिच्या ध्यानात आलं की आपण हरलो. तो खोकला कानांनी ओळखताच येत नव्हता. तिने तो ओळखला, कारण तिने शेवट बघितला होता. वाचणाऱ्याला तिने बाकीच्यांइतकं दिलं नव्हतं, जास्त दिलं होतं. तिच्या कामात यासारखी दुसरी चूक नाही, आणि हे खोलीतल्या कुणापेक्षा तिला जास्त कळत होतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तिथे 'कुणीतरी खोकतं' एवढंच हवं. पाच मिनिटांचं काम आहे, आत्ता करते."

इथे हा विषय संपायला हवा होता. शहाण्या माणसांच्या खोलीत तो संपलाही असता. पण मॅडमनी समोरचा कागद सरळ केला.

"ते नको. वरून निर्णय आलाय. आवाज सगळेच काढायचे, आठही भागांतले. यापुढे फक्त संवाद."

"सगळे म्हणजे?"

"कंस सगळे. कंसच नसले की चूकच नाही. सुंठीवाचून खोकला गेला." या विनोदावर त्या स्वतःच हसल्या आणि मग तपासनीस हसला.

"मॅडम, सातव्या भागात बारा मिनिटं कुणी बोलतच नाही. बाई घरात एकटी आहे आणि बाहेरून आवाज येताहेत. ते काढले तर वाचणाऱ्याने काय बघायचं?"

"बाई बघायची," दिग्दर्शक म्हणाला. आपल्याच बारा मिनिटांचा गळा आपण घोटतोय, हे त्या दीडशहाण्याला कळलंही नाही. तो अजून त्याच्या एकतिसाव्या मिनिटात अडकला होता.

ती अर्धा तास भांडली. कोण बघतं, किती लोक बघतात, आकडा द्या, असं मॅडम विचारत राहिल्या. तिच्याकडे आकडा एकच होता आणि तो सांगायची तिला लाज वाटली. शेवटी मॅडमनी आवाज खाली आणला. "हे बघ, तू नाही केलंस तर दुसरं कुणी करेल. एक बटण दाबायचं काम आहे. दुसऱ्या सीझनला तू हवी आहेस मला. उगाच हातचं घालवू नकोस."

बुधवारी तिने ते केलं. फाइल उघडली, सगळे कंस निवडले. एक हजार सातशे बारा. दार, पावलं, काच, हुंदके, घड्याळ, कुणाच्या तरी खिशातली नाणी. तिने मनाची समजूत घातली की अप्पांचं बघून झालंय, त्यांचं आता काय जाणार? दुसऱ्या सीझनला आत राहून भांडता येईल. आत राहून भांडू म्हणणारी माणसं पुढे काय करतात हे तिला चांगलं ठाऊक होतं, तरी तिने बटण दाबलं. मग बाहेर जाऊन चहा घेतला आणि तो कडू लागला म्हणून चहावाल्याशी विनाकारण वाद घातला.

पुढच्या रविवारी सकाळी फोरमन आले. छापखान्यात ते अप्पांच्या शेजारच्या यंत्रावर होते, त्यामुळे त्यांचेही कान गेलेले. दोघं गप्पा मारायला बसले की शेजारच्या घरांना वर्तमानपत्र घ्यायची गरज पडत नसे. आई आणि वहिनी बाजारात गेल्या होत्या, दादा झोपला होता. ती स्वयंपाकघरात चहा टाकत होती. बाहेर अप्पा सांगत होते, "नीट बघ हां! आमच्या घरात एकालाही पत्ता लागला नाही. डोळे उघडे असले की पहिल्याच भागात कळतं!"

तिच्या हातातलं झाकण खाली पडलं. बाहेर कुणाला ते ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.

ती दारात आली तोवर गोदामातले दिवे गेले होते. काळा पडदा आला. काळाच राहिला. मग दिवे आले आणि मालक मेलेला दिसला.

"कुठंय?" फोरमननी विचारलं.

अप्पांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा लावलं. पडद्याच्या इतक्या जवळ गेले की नाक टेकेल. "इथे होतं. अरे, मी स्वतः वाचलंय."

फोरमननी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे रे. वय झालं आपलं. मलाही परवा दोनदा औषध घेतल्यासारखं वाटलं, एकदाही घेतलं नव्हतं."

अप्पा चष्मा काढून पुसायला लागले. ते तिला बघवेना. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, ओठ दिसतील अशी.

"अप्पा, होतं ते. मी काढलं."

"का?"

"चुकून लिहिलं होतं मी. ते इतक्यात कुणालाच कळायला नको होतं. फार बोभाटा झाला."

अप्पांनी विचार केला. छापखान्यातला माणूस, चुकीची ओळ म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. "मग बरोबर केलंस. चुकलेली ओळ काढायचीच असते," ते म्हणाले, आणि फोरमनकडे वळले. "बघ, होतं! माझं डोकं शाबूत आहे." मग पुन्हा तिच्याकडे बघितलं. "पण मघापासून कुत्रंही दिसलं नाही. गोदामाबाहेर भुंकायचं ते. कंसात यायचं."

"तेही काढलं."

"जिन्यावरची पावलं?"

"सगळंच काढलं, अप्पा. आठही भागांतलं. मला सांगितलं होतं तसं."

"म्हणून होय!" फोरमन मोठ्याने म्हणाले. "अर्धा तास झाला, मला काही उमजतच नव्हतं. मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलंय."

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं.

"अगं, खोकला तो डॉक्टर," ते म्हणाले. "कुत्र्याने काय केलं होतं?"

तिने तोंड उघडलं. मॅडमचं म्हणणं होतं, वरचा निर्णय होता, दुसरा सीझन होता. यातलं काहीही ओठांवरून वाचता येईल इतक्या सोप्या शब्दांत तिला सांगता येईना.

"चल," फोरमन उठले, "बाहेर ओट्यावर बसू. इथे आपलं काही काम नाही."

दोघं चपला घालून बाहेर गेले. टीव्ही बंद करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पडद्यावर गोदामाचं रिकामं अंगण होतं, कुणी बोलत नव्हतं. कुत्रं भुंकत होतं, बराच वेळ, आणि ती ते उभ्याने ऐकत राहिली.