टीव्हीतल्या माणसांचा रंग

मुलानं मागच्या खेपेला येऊन मला भिंतभर टीव्ही बसवून दिला आणि जाताना बजावलं, "आई, सेटिंगला हात लावू नकोस." मी लावला नाही. कित्येक महिने निमूटपणे लालभडक माणसं बघितली. बातम्या देणारी बाई रोज भट्टीसमोरून उठून आल्यासारखी दिसायची. हवामान सांगणाऱ्याचे गाल तर असे, की त्यालाच कुणीतरी आधी डॉक्टरकडे न्यावं. पण घरात दुसरं बोलणारं कुणी नव्हतं, म्हणून लाल तर लाल, मी त्यांना चालवून घेतलं.

रविवारी दुपारी मुलगाही व्हिडिओ कॉलवरून त्याच टीव्हीवर यायचा. माझा फोन स्टँडवर ठेवून टीव्हीला जोडला की भिंतीवर तो माझ्याहून मोठा दिसायचा, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत एवढीशी मी. तोही लालबुंद.

"तब्येत सुधारलीय तुझी," मी म्हणायचे.

"मग. मित्र आहे ना सोबत, स्वयंपाक तोच करतो."

ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मी जन्मभर शिवणकाम केलं. कापडाला दोरा जुळवायचा तो दिव्याखाली नाही, दारात उजेडाला नेऊन. ही सवय अंगात इतकी मुरलीय की चुकीचा रंग दिसला की दाताखाली खडा आल्यासारखं होतं. शेवटी एका सकाळी मला राहवलं नाही. दिवा बंद केला, पडदा अर्धा ओढला आणि रिमोट घेऊन बसले. 'व्हिव्हिड' लिहिलं होतं तिथे 'सिनेमा' केलं, तर बातम्यांची बाई एकदम निस्तेज झाली. रंग वाढवला तर पुन्हा भट्टी. टिंट नावाची एक पट्टी होती, ती इकडे सरकवली की बाई हिरवी, तिकडे सरकवली की जांभळी. ती बिचारी काही कळायच्या आत सगळे रंग लेवून बातम्या देत होती.

जुळवायला खरी कातडी हवी, म्हणून मी माझा हात पडद्याशेजारी धरला. पण माझ्या हातावर सुरकुत्या आणि डाग. त्यावरून तरण्या बाईचा रंग काय ठरवणार? शेजारी एखादं माणूस उभं करायला हवं होतं. घरात माणूस कुठून आणू? तेवढ्यात माझी औषधं घेऊन कुरिअरवाला आला.

"आजी, सही करा इथं."

"करते. आधी जरा टीव्हीशेजारी उभा राहा."

"मी? कशाला?"

"तुझा चेहरा हवाय. मिनिटभर."

तो हेल्मेट काखेत धरून वर्गात शिक्षा झाल्यासारखा उभा राहिला. मी एकदा त्याच्याकडे, एकदा बाईकडे बघत रंग हळूहळू उतरवत गेले आणि जुळला. बाईच्या नाकाशेजारी तीळ आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. "जाऊ का आता?" त्यानं विचारलं. बस जरा, पाणी पी, असं म्हणायचं होतं, पण खाली त्याची गाडी चालूच होती. खरं सांगते, तो गेल्यावर खोली आधीपेक्षा रिकामी वाटली. कितीतरी दिवसांनी माझ्याशिवाय कुणीतरी तिथे उभं राहिलं होतं.

मग मी रविवारची वाट बघत बसले. मुलाला एकदा मुलासारखा बघायचा होता.

रविवारी तो आला आणि पिवळा दिसला. गाल आत गेलेले, डोळ्यांतला पांढरा भागसुद्धा पिवळा. मला वाटलं, माझ्या खटपटीनं सगळं बिघडलं. पण कोपऱ्यातल्या चौकटीत माझे केस पांढरेच होते. आणि त्याच्या मागची उशी, तीही पांढरीच होती.

"काय रे, पिवळा दिसतोस."

तो हसला. "तू टीव्हीला काहीतरी केलंस. होतं तसं कर आधी. व्हिव्हिडवर टाक."

एवढी घाई त्यानं कधी केली नव्हती. मी रिमोट उचलला, एकही बटण दाबलं नाही आणि खाली ठेवला.

"टाकलं. आता छान दिसतोस."

तसा तो सैल पडला. हसू ओसरलं. आईला आपण लालबुंद दिसतोय या भरवशावर त्यानं मान उशीला टेकवली आणि डोळे मिटून घेतले.

"मित्राला बोलाव जरा," मी म्हटलं.

"कामावर गेलाय."

"रविवारी?"

त्यानं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

"मी व्हिव्हिडवर टाकलेलंच नाही. उशी पांढरी दिसतेय आणि तू पिवळा दिसतोयस. आता बोल."

त्यानं डोळे उघडले, पण फोनकडे बघितलं नाही. "कावीळ आहे, आई. डॉक्टर म्हणाले बरी होईल. आणि तो मित्र जागा सोडून गेला, कधीच."

"मग तुझ्याजवळ कोण आहे?"

"कुणी नाही."

माझ्याजवळ कुणी नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच त्यानं हा टीव्ही आणून दिला होता. त्याच्याजवळ कुणी नाही हे मला आत्ता कळत होतं. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला.

"माझं तिकीट काढ."

"अगं, एवढ्या लांब तू एकटी कशी येशील?"

"इथे तरी कोण सोबत आहे मला?"

"काढतो," तो म्हणाला. मग जरा थांबून, लहानपणी म्हणायचा तसं म्हणाला, "बंद करू नकोस. राहू दे असंच."

त्यानं फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि कुशीवर वळून झोपला. मी आवाज बारीक केला, खुर्ची पडद्याजवळ ओढली. रंगाला हात लावला नाही.