पत्र्यावर सांगितलेला शेवट

गोरेगावातला जमील पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. तो विहिरीत उतरला की वरची माणसं जीव मुठीत धरून दोर आवळतात, आणि हा बहाद्दर खाली खुशाल गाणी म्हणत असतो. भीती वाटत नाही का, असं कुणी विचारलं की तो 'नक्षत्रयान' मालिकेतल्या गिरधर मेकॅनिकची गोष्ट सांगतो. यान बिघडलं, गिरधर दोर बांधून बाहेर गेला, त्यानं ते दुरुस्त केलं आणि शेवटी त्याच्या माणसांनी त्याला आत ओढून घेतलं. "वरची मान्सं सोडत नसतेत," असं म्हणून जमील गोष्ट संपवतो. ही गोष्ट खोटी होती, आणि ते साऱ्या गावात एकट्या रविंद्रला माहीत होतं.

त्याचं असं झालं. दोघं सातवीत होते तेव्हा गल्लीत टीव्ही फक्त रविंद्रच्या घरी. रविवारी सकाळी अर्धी गल्ली खोलीत कोंबलेली, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. पत्र्यावर चढून अँटेना एका ठराविक बाजूला धरून ठेवली, तरच माणसांची तोंडं दिसायची. हे काम जमीलचं. त्याचा हात बसलाय, असं सगळे म्हणत. खरं म्हणजे तो कधी नाही म्हणत नसे, आणि मऊ लागलं की कोपरानं खणायची आपल्याकडे रीतच आहे. वर्षभर त्यानं ती मालिका नुसती ऐकली. बाकीचं रविंद्र खिडकीतून ओरडून सांगायचा.

गिरधरच्या भागात यानाला थांबायला वेळ उरला नाही. दोर तोडला आणि यान निघून गेलं. गिरधर बाहेरच राहिला. खोलीतल्या बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या, तेवढ्यात वरून हाक आली, "काय झालं रे? घेतलं का आत?"

त्यानंतर टीव्हीवर सिनेमाची गाणी लागणार होती. खरं सांगितलं तर हा खाली उतरेल आणि गाणी जातील, एवढंच रविंद्रच्या मनात आलं. तो ओरडला, "घेतलं! ओढून घेतलं आत!" जमीलनं आनंदानं पत्र्यावर उड्या मारल्या, चित्र हललं आणि सगळ्यांनी मिळून त्याला शिव्या घातल्या.

पुढं रविंद्र गावातच मास्तर झाला. जमील विहिरीत उतरलाय असं कानावर आलं की त्याचं शिकवण्यात लक्ष लागायचं नाही. सांगून टाकावं असं कितीदा तरी वाटलं, पण लाज आड यायची. थापेची कमी, त्या गाण्यांची जास्त.

आणि आता जमीलच्या पोरीला, उमैमाला, तो भाग इंटरनेटवर सापडला. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून चढवला होता. जमीलनं स्वतः येऊन आवतण दिलं, "रव्या, रविवारी ये. तू दुसऱ्यांदा बघ, मी पयल्यांदा बघतो." रविंद्रनं शाळेचं काम सांगितलं, पाहुणे सांगितले, गुडघाही पुढं केला. एकही सबब टिकली नाही.

रविवारी जमील ईदचा सदरा घालून टीव्हीपुढं बसला होता. रविंद्रनं धीर केला. "जमील, त्या भागाचं एक सांगायचं राह्यलं..."

"काई सांगू नको! लई सांगितलं तू. आज मी माझ्या डोळ्यानं बघनार हाय."

दहा मिनिटं बरी गेली, मग चित्र अडकलं. घरात रेंज नव्हती. उमैमाचा मोबाइल गच्चीवर धरला तरच टीव्हीला नेट मिळायचं. तिथं ठेवून यावा तर वानरं उचलून नेत. ती उठली, तसा रविंद्रही उठला. "दे इकडं. मी धरतो."

"काका, तुमचा गुडघा?"

"जाऊ दे त्याला," जमील हसत म्हणाला. "चढू दे एखाद्या बारीला."

खरं सांगायचं तर शेवट आला की जमीलच्या तोंडाकडं बघायची रविंद्रची छाती नव्हती. आपणही एकदा वर उभं राहावं हे त्याच्या मनात आलं, पण जिना चढून झाल्यावर.

गच्चीवर ऊन तापलं होतं. मोबाइल उंच धरून पाच मिनिटं झाली नाहीत तोच खांदा भरून आला. त्यानं हात बदलला, तशी खालून उमैमा ओरडली, "गेलं, गेलं! हां, आलं! हलू नका काका!" वर्षभराचे रविवार हे पोरगं तापल्या पत्र्यावर असं उभं होतं, आणि आपण एकदाही म्हटलं नाही की आज तू खाली बस. रविंद्रला स्वतःचा राग आला.

खालून गिरधरचा आवाज आला. मग कप्तानाचा, दोर तोडा म्हणणारा. मग शेवटचं संगीत वाजलं आणि सगळं गप्प झालं.

त्याला ती शांतता सोसवेना. "जमील," त्यानं हाक मारली, "काय झालं रे?"

एवढी भीती त्याला कधी वाटली नव्हती. चाळीस वर्षांचा दोस्त गेला, असंच त्यानं धरलं.

मग जमीलचा बसका आवाज आला, "घेतलं! ओढून घेतलं आत!"

रविंद्रला रडू फुटलं. वर केलेला हात तसाच राहिला. थोड्या वेळानं जिन्याच्या तोंडाशी जमील आला. त्याचेही डोळे लाल होते.

"उतर आता खाली," तो म्हणाला. "हात दुखला असंल."