पनवेलच्या पेटीत टाकलेला चेक

मित्रांनो, महाडच्या बाजारपेठेमागे खतीजाबींचं घर आहे. त्यांच्या भाकऱ्या थापून झाल्या की परातीला चिकटलेलं तांदळाचं पीठ खरवडायला त्या एक निळसर प्लास्टिकचा तुकडा घेतात. तो तुकडा म्हणजे मी. नीट पाहिलंत तर माझ्या अंगावर ठसवलेलं ‘अब्बास’ हे नाव अजून अर्धंमुर्धं वाचता येईल. एके काळी मी क्रेडिट कार्ड होतो. दुकानदारांनी डोळे मिटून विश्वास ठेवावा म्हणून मला घडवलं होतं. पण माझ्यापायी जेवढा संशय मी पाहिला, तेवढा क्वचितच कोणी पाहिला असेल.

मुंबईच्या एका कारखान्यात एका यंत्राने माझ्यावर नाव ठसवलं, दुसऱ्याने पाठीवर काळी पट्टी चिकटवली. मग पाकिटात बसून मी महाडला आलो. ते दोन हजार दोन साल होतं. खतीजाबींचे पती अब्बास यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं, पाठीवर सही केली आणि सदऱ्याच्या छातीवरच्या खिशात ठेवलं. पुढची काही वर्षं तोच माझा मुक्काम होता.

अब्बासचा मालवाहतुकीचा धंदा होता. ट्रक एकच, आणि त्यात दोघांची भागी. अर्धा अब्बासचा, अर्धा पोलादपूरच्या महिपतीचा. महिपती गाडी चालवायचा, अब्बास महाडच्या ऑफिसात बसून बुकिंग घ्यायचा. एमआयडीसीतला माल घेऊन गाडी पनवेलला आणि पुढे जायची. कारखानेवाले भाडं द्यायला महिना महिना लावायचे, पण डिझेल आणि टायर काही थांबत नसत. म्हणून अब्बासने मला आणलं. गाडी सुटण्याआधी तो स्वतः पंपावर जायचा आणि मला पुढे करायचा. पंपावरची मुलं मला हातात घेऊन बघायची. मला फार बरं वाटायचं.

महिपतीला मात्र मी पहिल्या दिवसापासून आवडलो नाही.

“अब्बास, उधारी ती उधारी. ती काय प्लास्टिकची झाली म्हनून गोड होते काय? माझं मन नाय घेत बघ.”

अब्बास तेव्हा हसला. पुढे हेच बोलणं त्याच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

माझं बिल दर महिन्याला टपालाने यायचं. त्यावर पैसे भरायची शेवटची तारीख असायची. सुरुवातीला अब्बास बिल आलं रे आलं की चेक लिहायचा. माझ्या बँकेची शाखा महाडला नव्हती. सर्वांत जवळची पनवेलला. तिथे दाराशी चेक टाकायची एक पेटी होती. महिपती शनिवारी पनवेलला असायचाच, म्हणून लिफाफा त्याच्याजवळ दिला जाई. सगळं सुरळीत चाललं होतं.

पण नव्याचे नऊ दिवस. अब्बास व्यापारी माणूस. तो म्हणू लागला, शेवटची तारीख दिली आहे ना, मग तोवर पैसे आपल्याकडेच राहू देत. चेक शेवटच्या तारखेच्या अगदी तोंडावरच्या शनिवारी जाऊ लागला. आणि एका बिलावर नवी ओळ उगवली: विलंब शुल्क. खाली व्याजही लावलं होतं.

अब्बासने कपाळाला आठ्या घातल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा तीच ओळ. त्याच्या पुढच्या महिन्यातही तीच.

“चेक मी टायमात दिला,” तो खतीजाबींना म्हणाला. “मग उशीर झाला कुठं? माझ्या हाताच्या नि बँकेच्या पेटीच्या मधी मानूस एकच हाय.”

खतीजाबी मासे साफ करत होत्या. त्यांनी हात थांबवला. “अवो, चेक बँकेच्या नावाचा. महिपतीभाऊ त्याचा करनार काय?”

“करनार काय नाय गो. नुसता ठेवून घेनार. कार्ड त्याला नकोच होता. दंड बसला का मी कंटाळून कार्ड बंद करीन, असा त्याचा हिसाब असेल.”

“एवढ्या वर्साच्या मानसावर असं बोलता? तुमच्या संशयाला औषध नाय.”

खरंच नव्हतं. मी खिशात होतो, म्हणून मला ते जवळून दिसलं. अब्बास लिफाफा डिंकाने दोनदा चिकटवू लागला. चिकटवलेल्या जागी आडवी सही करू लागला. महिपती परत आला की गप्पांच्या ओघात विचारायचा, “पेटीत टाकलास ना रे?”

“टाकला.”

“कुठच्या पेटीत?”

“बँकेच्या. आनखी कुठच्या?”

महिपती एवढंच बोलून टायर बघायला जायचा. तो नजर चुकवतोय, असं अब्बासला वाटायचं. मित्रांनो, खरं सांगतो, ऐकून ऐकून मलाही तसंच वाटू लागलं. त्या माणसाला मी आवडत नव्हतो, हे तर मला ठाऊकच होतं.

शेवटी एका शनिवारी अब्बासने महिपतीला लिफाफा दिला, गाडी सुटली, आणि माणगावला काम आहे असं घरी सांगून तो एसटीत बसला. माणगाव आलं, गेलं. कोलाड, नागोठणे, पेण मागे पडलं. ट्रकला वाटेत माल उतरवायचा होता, त्यामुळे आम्ही आधी पोचलो. बँकेसमोर चहाची टपरी होती. अब्बास तिच्या आडोशाला बाकावर बसला. तोंडाला त्याने रुमाल बांधला आणि वर पेपर धरला. चहा घेतला तो तसाच निवून गेला.

दुपार उलटल्यावर महिपती चालत आला. लिफाफा त्याने सदऱ्याच्या आत ठेवला होता, वर बटणं लावून. पेटीपाशी येऊन त्याने आधी हात पँटला पुसले. मग लिफाफा काढला आणि फटीतून आत सोडला. अडकला तर नाही ना, म्हणून बोटं घालून चाचपलं. वॉचमनला काहीतरी विचारलं, मान डोलावली आणि आला तसा निघून गेला.

अब्बासला आनंद व्हायला हवा होता. पण संशय असा एका दमात जात नाही. परतीच्या एसटीत तो स्वतःशीच पुटपुटला, “आज टाकला. मागच्या टायमाचं कुनी बघितलंय?”

नंतरचं बिल आलं. त्यावर विलंब शुल्क होतं! जो चेक पेटीत पडताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याच चेकचं. अब्बासने बिलावरची तारीख पुन्हा पुन्हा वाचली. जेवायलाही उठला नाही.

दुसऱ्या दिवशी तो थेट पनवेलच्या शाखेत गेला. तिथल्या तरुण अधिकारी बाईंनी त्याला बसायला सांगितलं.

“काका, चेक कुठल्या बँकेचा असतो?”

“आमच्या महाडच्या.”

“आणि पेटीत कधी पडतो?”

“शनवारी. दुपारनंतर.”

“मग तो सोमवारीच बाहेर निघतो. तिथून वटायला महाडला जाणार, मग पैसे इकडे येणार. बाहेरगावच्या चेकला आठवडा सहज लागतो, कधी जास्तही. आम्ही पैसे जमा झाले तो दिवस धरतो, चेक टाकला तो नाही.”

अब्बास म्हणाला, “म्हंजे चेक आननाऱ्याची चूक नाय?”

बाईंना हा प्रश्न कळलाच नाही. “त्याची कसली चूक? तुम्ही निदान पहिल्या वेळी फोन करून विचारायचं होतं. आता अर्ज द्या, या वेळचा दंड माफ होतो का बघते. आणि इथेच एक खातं उघडा. त्यात पैसे ठेवलेत की दर महिन्याला बिलाची पूर्ण रक्कम आपोआप वळती होईल. फक्त किमान रक्कम भरू नका हं. दंड टळतो, पण व्याज चालूच राहतं.”

अब्बासने अर्ज दिला, खात्याच्या कागदांवर सह्या केल्या आणि एसटी पकडली. गाडी महाडला थांबली. तो उतरला नाही. कंडक्टरला म्हणाला, “पोलादपूरचं तिकीट द्या.”

महिपती अंगणात लाकडं फोडत होता. काशीबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोने, पाणी आणून दिलं आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. अब्बास उभाच होता.

“महिपती, चेक बाहेरगावचा पडतो म्हनून उशीर व्हायचा. तुझी चूक नव्हती.”

महिपतीने कुऱ्हाड ओंडक्यावर टेकवली. “माझी चूक हाय, असं बोललं कोन?”

महिपतीने एक ढलपी पायाने बाजूला सारली.

“त्या शनवारी पनवेलचा चहा कसा होता रे?”

अब्बासचा चेहरा उतरला. “तू बघितलंस मला?”

“तोंड झाकलंस, चपला उघड्याच. तुझ्या चपला वळखत नाय काय मी?”

“मग हाक का नाय मारलीस?”

“लपलेल्या मानसाला हाक मारू नये,” महिपती म्हणाला. “त्याला लाज वाटते.”

अब्बासने पेला घाईघाईने तोंडाला लावला. त्यातलं थोडं पाणी माझ्यावरही सांडलं. “चुकलो रे,” तो म्हणाला.

“बस. चहा पिऊन जा. गाडी मी चालवीन, गाडीत माझी पन भागी हाय. पन लिफाफा आता माझ्याजवळ देऊ नको.”

लिफाफा द्यायची वेळ पुन्हा आलीच नाही. पनवेलच्या खात्यातून पैसे परस्पर जाऊ लागले. बाईंनी त्या वेळचा दंड खरोखरच माफ करवून दिला. त्यानंतर माझ्या बिलावर ती ओळ कधी आली नाही.

दोघांनी ट्रक आणखी बरीच वर्षं चालवला. मोहरमला महिपती यायचा, गणपतीला अब्बास जायचा. पण पनवेलहून परत आला की महिपती ऑफिसात एक नवीन गोष्ट करू लागला. टोलची, पंक्चरची, वजनकाट्याची, सगळ्या पावत्या खिशातून काढून तो टेबलावर ओळीने मांडायचा.

“राहू दे रे, मला कशाला दाखवतोस?” अब्बास म्हणायचा.

“बघून घे,” महिपती म्हणायचा. त्याच्या आवाजात राग नसायचा.

अब्बास मग मान खाली घालून एकेक पावती बघत बसायचा. खरं तर तो वाचत नव्हता. हे मला खिशातून कळायचं, कारण उलटी पडलेली पावतीही तो तशीच पुढे सरकवायचा.

पुढे माझी मुदत संपली आणि मी स्वयंपाकघरात आलो. माझी तक्रार नाही. पीठ खरवडायचं काम चांगलं आहे, त्यात कोणी कोणाकडे वाकड्या नजरेने बघत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर मोठ्यांना माझं एवढं सांगा. शेवटच्या तारखेची वाट बघू नका, चार दिवस आधीच पैसे पोचते करा. बिल पूर्ण भरा. दंड लागलाच तर लगेच बँकेला विचारा, रीतसर अर्ज करा. विचारणाऱ्याचं ऐकून घेतात. आणि बँकेला विचारण्याआधी घरातल्या किंवा दारातल्या माणसावर संशय घेऊ नका. अब्बासने बँकेकडे अर्ज केला आणि दंड माफ झाला. महिपतीपुढे मात्र अर्ज चालला नाही; तिथे तो दर शनिवारी मान खाली घालून पावत्या बघत बसला.