दाराला टेकवलेला खराटा

सोइन्तू ‘तुझं तू ठरव’ म्हणाली, त्यात तिला इल्पोचा केवढा मान राखायचा होता, हे आमच्या गावात कुणालाही कळलं असतं. कळलं नाही ते एकट्या इल्पोला, आणि प्रश्न नेमका त्याचाच होता.

झालं असं. शनिवारी सोइन्तूच्या तळ्याकाठच्या सुट्टीच्या घरी साउना, म्हणजे वाफेची आंघोळ, आटोपून दोघं टॉवेल गुंडाळून पायरीवर बसले होते. इल्पो अ‍ॅकॉर्डियन दुरुस्त करतो. तुर्कू शहरात त्याच्या भावाचं वाद्यांचं दुकान आहे, आणि भावाने त्याला कायमचं तिकडे बोलावलं होतं. पुढच्या रविवारपर्यंत कळवायचं होतं. तुर्कू म्हणजे साडेचारशे किलोमीटर, म्हणजे दर शनिवारी सायकलवरून येणं बंद.

“जाऊ का?” त्याने विचारलं.

सोइन्तू तळ्याकडे बघत राहिली. दोन वर्षांत या माणसाची तिला सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर जीव जडला होता. पण चांगल्या माणसाला आपण मागे ओढू नये, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. म्हणून ती म्हणाली, “तुझं तू ठरव.”

“हं,” इल्पो म्हणाला आणि कॉफी संपवून निघून गेला.

आता, दोघंही अबोल. गावाला वाटायचं, झाकणाला भांडं मिळालं. सोइन्तूची मैत्रीण हिल्का गावच्या ग्रंथालयात असते. तिने हिवाळ्यात दोघांकडून स्वभावाची चाचणी भरून घेतली होती. साठ प्रश्न, आणि शेवटी प्रत्येकाच्या कपाळी चार अक्षरं. सोइन्तू जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढते, जे मोजता येत नाही त्यावर तिचा विश्वास नाही. तरी तिने बघितलं की पहिलं अक्षर दोघांचं एकच आलंय, अंतर्मुखाचं. तेवढ्यावर ती खूश झाली.

“अगं, एकच अक्षर जुळलंय,” हिल्का म्हणाली होती. “बाकीची तीन बघ की.”

सोइन्तूने बघितली नाहीत.

तर तो आठवडा सोइन्तूने विचार करण्यात घालवला. तिचा विचार सावकाश होतो, आणि चालू असताना तिला माणूस नको असतो. बुधवारी तिचं ठरलं, इल्पोने जाऊ नये. गुरुवार-शुक्रवार तिने ते सांगायचं वाक्य जुळवलं. शनिवारी सकाळी तळ्याकाठच्या घरी आल्यावर ते रिकाम्या खुर्चीसमोर मोठ्याने म्हणून बघायला घेतलं. पहिल्यांदा ती कचेरीतल्या नोटिशीसारखी बोलली. दुसऱ्यांदा आवाजच फुटला नाही. हिल्काचं घर झाडीपलीकडे, ती अधूनमधून पाव घेऊन येते. आपण खुर्चीशी बोलतोय हे तिने ऐकलं असतं तर सोइन्तू लाजेने मेली असती. म्हणून तिने पायरीवरचा खराटा उचलून बाहेरून दाराला आडवा टेकवला आणि मागच्या दाराने आत आली.

दाराला खराटा म्हणजे घरात कुणी नाही. आमच्याकडे कुलूप लागलेलं नसलं तरी चालतं, खराटा असला की माणूस हाकही न मारता परत जातो. इल्पो चारला यायचा, त्याच्या आधी खराटा काढायचा, असा तिचा हिशेब होता.

पण इल्पोला आठवडाभर चैन नव्हतं. तो चारपर्यंत थांबूच शकला नाही, एक वाजताच येऊन पोचला.

साडेतीनला सोइन्तूने पुढचं दार उघडलं तेव्हा खराटा पडला, आणि पायरीवर तिला पिवळ्या रानअळंब्यांची बादली दिसली. एकेक अळंबी ब्रशने साफ केलेली, काडीकचरा नाही. असं निवडणारा माणूस पंचक्रोशीत एकच. तिने वर पाहिलं. धुराड्यातून चांगला जाड धूर निघत होता.

म्हणजे ती घरात आहे हे त्याला कळलं होतं, आणि खराटा आपल्यासाठीच आहे असं समजून तो गेला होता. दुसरा कुणी असता तर दार बडवलं असतं, निदान शिवी तरी हासडली असती. इल्पो अळंब्या ठेवून गेला.

पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते हेच, की त्याला आता एकट्याला राहू द्यावं. सोमवारी बघू. पण उद्याच रविवार होता. ती बादली घेऊनच हिल्काकडे गेली. हिल्का चार माणसांत तोंड उघडत नाही, पण एकट्या सापडलेल्या माणसाला सोडत नाही. आज मात्र तिने आधी सगळं ऐकून घेतलं, आणि मग भडकली.

“वेडी आहेस का गं? तू एकटी राहिलीस की तुला बरं वाटतं. त्याला एकटं सोडलं की त्याला वाटतं, आपण नकोसे झालो. तू विचार करताना गप्प असतेस, तो दुखावला की गप्प असतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून तुम्ही दोन वर्षं सुखात!”

“मग त्याने बोलायचं ना.”

“आणि तू? मला सांगत बसलीयस ते त्याला सांग. जा. आणि अळंब्या इथे ठेव, वाया जातील.”

अकरा किलोमीटर सायकल हाणत सोइन्तू त्याच्या कारखान्यात पोचली. जुळवलेलं वाक्य वाटेत कुठेतरी गळून पडलं होतं. इल्पो टेबलाशी बसून एका अ‍ॅकॉर्डियनच्या पट्ट्या पुसत होता. त्याने मान वर केली नाही.

“भावाला कळवलं मी,” तो म्हणाला. “येतो म्हणून.”

“जाऊ नकोस.”

“तूच म्हणालीस ना, तुझं तू ठरव.”

“चुकले मी. मला वाटलं तुला मोकळं सोडावं.”

“मोकळा मी आयुष्यभर आहे, सोइन्तू. एकदा कुणीतरी धरून ठेवावं असं वाटत होतं. आणि आज तर दारच बंद केलंस.”

“तो खराटा हिल्कासाठी होता. मी तुला जे सांगायचं ते घोकत होते. खुर्चीसमोर.”

यावर इल्पो गप्प झाला. पट्टी पुसणंही थांबलं. असा तो गप्प झाला की आजवर सोइन्तू कोट उचलून हळूच निघून जायची, आणि आपण फार समजूतदारपणा केला असं तिला वाटायचं. आज तिने एक रिकामं खोकं ओढलं आणि त्याच्यावर बसली.

“तू बोलेपर्यंत मी उठत नाही,” ती म्हणाली.

अर्धा तास गेला. त्याने डोळे पुसले तेव्हा ती खिडकीकडे बघत राहिली, पण उठली नाही.

“आता भावाला काय सांगू?” शेवटी तो म्हणाला.

“सांग, सोइन्तू नको म्हणाली.”

इल्पोला हसू आलं. “पटायचं नाही त्याला. तू आणि कुणाला नको म्हणशील? दोन वर्षांत त्याच्याशी चार शब्द बोलली नाहीस.”

हे खरंच होतं. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं सोइन्तू होता होईतो टाळायची. कचेरीत ती त्यासाठी शेजारणीला कॉफी पाजून कामाला लावायची. तिने घाम पुसला.

“नंबर लाव,” ती म्हणाली, “आणि फोन इकडे दे.”