उभे मिरीचे, आडवे दादाचे

मी दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. म्हणजे दात डॉक्टर उपटतात. मी नावं पुकारते, पुढच्या तारखा देते आणि बाहेर बसलेल्या घाबरट मंडळींच्या पुढ्यात मासिकं टाकते. त्या मासिकांतली शब्दकोडी कधीच पुरी झालेली नसतात. माणूस दोन-चार शब्द भरतो, मी नाव पुकारते, तो पेन्सिल टाकून आत जातो आणि बाहेर येतो तेव्हा त्याचं अर्धं तोंड बधिर असतं. अर्धवट कोड्यांचं मला कधी काही वाटलं नाही. आता वाटतं.

ताईच्या दोन मुलांना दर वर्षी मासिकाची वर्गणी भरून द्यायची, हा माझा जुना नेम. खेळणी मोडतात, कपडे आखूड होतात, मासिक मात्र दर महिन्याला नवंकोरं दारात येतं. थोरल्याला बहीण दादा म्हणते म्हणून आम्हीही सगळे दादाच म्हणतो. धाकटी एवढीशी होती तेव्हापासून घरभराच्या डोक्यावर मिरे वाटते, म्हणून ती मिरी. वर्गणी एकच, दोघांत मिळून. त्यामुळे कोणतं मासिक घ्यायचं यावरून दुकानात दर वर्षी धुमश्चक्री. त्याला यंत्रं हवीत, तिला प्राणी. एकदा ओढाताणीत नमुन्याच्या अंकाचं मुखपृष्ठच फाटलं. तेव्हापासून आम्हाला लांबून येताना पाहिलं की दुकानदार नमुन्याचे अंक वरच्या फळीवर सरकवतो.

त्या वर्षी ताई आणि भाऊजी वेगळे झाले. भांडून नव्हे, समजूतदारपणे. या शब्दाचा मला अगदी तिटकारा आला आहे. दोघांनी शांतपणे बसून भांडी वाटली, पुस्तकं वाटली, आणि आवाज न चढवता मुलंही वाटली. दादा भाऊजींकडे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मिरी ताईकडे.

"अगं, मुलं आहेत की पातेली?" मी ताईला म्हटलं.

"भेटत राहतील ती. आणि तू संसार केला नाहीस, तुला नाही कळायचं."

संसाराचं खरं होतं. पण पातेल्यांचंही खरं होतं.

दादाचं सामान जाण्याआधी मी दोघांना दुकानात नेलं. मनात म्हटलं, यंदा दोन वर्गण्या भराव्या लागणार. दुकानदाराने सवयीने हात वर केला, पण पोरं भांडलीच नाहीत. दोघं रॅकमागे गेली, बराच वेळ कुजबुजली आणि एक पातळसं, साध्या कागदाचं मासिक घेऊन आली. आत यंत्रं नव्हती की प्राणी नव्हते. मागचं पान भरून शब्दकोडं होतं, आणि उत्तरं पुढच्या अंकात.

"हे?" मी म्हटलं. "बरं, मग दोन घेऊ. एकेकाला एकेक."

"नको!" दोघं एकदम ओरडली.

"एकच घे," मिरी म्हणाली. "आणि ते तुझ्या घरी येऊ दे."

"माझ्याकडे कशाला गं?"

"म्हणजे आम्हाला यावं लागेल ना! उभे शब्द माझे, आडवे दादाचे. मी त्याचे भरायचे नाहीत, त्याने माझे भरायचे नाहीत. एकट्याला ते पुरं करताच येणार नाही."

दादा खाली आपल्या चपलांकडे बघत होता. "आईबाबांना सगळं सांगू नकोस, मावशी. कोड्यासाठी येतो एवढंच सांग."

मी दुकानदाराला माझा पत्ता सांगितला. मोठ्यांच्या नाकावर टिच्चून पोरांनी एकत्र राहायची सोय करून ठेवली होती.

सुरुवातीला सगळं जमलं. अंक आला की मी दोन्हीकडे फोन करायची, पोरं यायची, माझ्या जेवणाच्या टेबलावर पालथी पडायची. मिरीला शब्द बसत नसला की ती एका चौकोनात दोन अक्षरं कोंबायची. दादा म्हणायचा, "ए बाई, काही लाज?" ती म्हणायची, "तुझाच शब्द चुकलाय, तू खोड!" मग रबरासाठी झटापट, रबर टेबलाखाली, पाठोपाठ दोघंही टेबलाखाली. शेजारीण एकदा विचारायला आली की मुलांना मारता की काय. इतका आनंद माझ्या घराने कधी ऐकला नव्हता.

मग एका महिन्याला दादाची परीक्षा निघाली, पुढच्या महिन्याला भाऊजींना सुट्टी नव्हती. मी फोन केला तर भाऊजी खुशीत होते.

"अगं, एका मासिकासाठी पोराने एवढ्या लांब यायचं? मी त्याची वेगळी वर्गणी भरून टाकली. तेच मासिक, आता घरपोच येईल. तुझाही त्रास वाचला."

"भाऊजी, तो मासिकासाठी येत नाही हो."

"मग?"

"बहिणीसाठी येतो."

"मग येऊ दे की! मी कधी अडवलंय? कधीही यावं."

झालं. अंक आला की यायचं, हे ठरलेलं होतं. कधीही यायचं म्हटल्यावर कोणालाच कधी सवड होईना. ताईला हे कळलं तेव्हा तिनेही मोठं मन दाखवलं. "मग मिरीचा अंक इकडेच मागव. तू कशाला मध्ये हेलपाटे घालतेस?" दोघंही इतकी चांगली वागत होती की भांडायचं कोणाशी तेच कळेना. मी घरी येऊन नुसती चडफडत बसले.

मिरीने मात्र हट्ट सोडला नाही. दर अंकातले उभे शब्द भरायची आणि आडवे मोकळे ठेवायची. पुढच्या अंकात उत्तरं असतात, ती चुकून दिसू नयेत म्हणून त्या पानाला केसांची क्लिप लावून टाकायची. "दादाचे राहिलेत," एवढंच म्हणायची. ताई म्हणाली, "किती दिवस असं चालणार?"

दादाच्या दातांना तार लावली होती. ती आवळायला या वेळी तो आमच्याच दवाखान्यात यायचा होता. मिरीला सांगितलं तर तिने सगळे अंक सुतळीने बांधून माझ्या हवाली केले, वर टोक केलेली पेन्सिल खोचली. "त्याला म्हणावं, घाई करू नकोस."

तो आला. उंच झाला होता, आवाज फुटायला लागला होता. भाऊजी गाडी लावायला गेले होते.

"कशी आहेस, मावशी?" त्याने विचारलं. हा पोरगा पूर्वी दारातूनच खायला काय आहे असं ओरडायचा.

मी गठ्ठा त्याच्या मांडीवर ठेवला. "मिरीने तुझे आडवे ठेवलेत."

त्याने वरचा अंक उघडला. रिकाम्या आडव्या चौकोनांवरून पेन्सिलीचं टोक फिरवलं.

"माझ्या अंकातलं केव्हाच झालंय," तो हळूच म्हणाला. "उभे-आडवे दोन्ही."

"एकट्याने?"

"आधी थांबलो होतो. मग बाबा म्हणाले, अर्धवट काय सोडतोस."

त्याने पेन्सिल घेतली आणि भरायला लागला. विचार करायला एकदाही थांबला नाही, सगळं पाठच होतं. एकेक अंक बाजूला ठेवत गेला, गृहपाठ उरकावा तसा. एका ठिकाणी पेन्सिल अडली. 'रात्री उडतं, पण पक्षी नाही' असं काहीतरी होतं आणि मिरीने ठोकून दिलं होतं 'रातपाखरू'. मी वाट पाहत राहिले. आता हसेल, आता म्हणेल, ए बाई, काही लाज? त्याने ते शांतपणे खोडलं आणि सुवाच्य अक्षरात 'वटवाघूळ' लिहिलं.

नाव पुकारायच्या आत कोडी पुरी करणारा आमच्या दवाखान्यातला तो पहिलाच. मला रडू येत होतं आणि समोर सुजलेला गाल धरून एक गृहस्थ पुढचा नंबर कोणाचा म्हणून विचारत होते.

"तिला काही निरोप?"

"सांग, छान भरलेत," दादा म्हणाला आणि आत गेला.

संध्याकाळी गठ्ठा घेऊन ताईकडे गेले, तर मिरी दारातच उभी होती. सुतळी सोडायचाही तिला धीर नव्हता, दातांनी तोडली. एकेक पान उलटत गेली. हसरा चेहरा हळूहळू उतरला. वटवाघळापाशी थांबली.

"हे त्याने खोडलं?"

"हो."

"मला काय म्हणाला? गाढव म्हणाला?"

"नाही गं. छान भरलेत म्हणाला."

तिने त्या शब्दावरून बोट फिरवलं. "भांडलासुद्धा नाही," ती म्हणाली. मग तिने अंकांच्या क्लिपा एकेक करून काढल्या आणि केसांना लावल्या.

वर्ष सरलं. वर्गणी भरायला मी तिला घेऊन गेले. दुकानदाराने आम्हाला पाहिलं, पण नमुन्याचे अंक हलवले नाहीत. तिने प्राण्यांचं मासिक उचललं, आधी मागचं पान उघडून पाहिलं.

"काका, यात कोडं नसतं ना? कुठल्याच अंकात?"

"नाही गं. शेवटी मोठं चित्र असतं."

"मग हेच."

"दादाला विचारू या का, त्याला कोणतं हवंय?" मी म्हटलं.

"त्याचं बाबा बघतील, मावशी," ती म्हणाली. अगदी समजूतदारपणे.

दुकानदाराने पत्ता विचारला. तिने स्वतःच सांगितला, ताईच्या घराचा. नमुन्याचा तो अंक तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, सवयीने. पलीकडून ओढायला कोणीच नव्हतं.